चाकाच्या खुर्चीवरचा संशय

माझ्या मामेसासऱ्यांनी जिच्यावर संशय घेतला नाही अशी वस्तू कुंभकोणमच्या पंचक्रोशीत अजून घडायची आहे. दुधात पाणी असल्याचा संशय कोणीही घेतो. मामांना त्या पाण्याचाही संशय येतो. कावेरीला पाणी सोडल्याची बातमी लागली की हे दृश्य कुठल्या सालचं दाखवतायत ते बघायला ते पडद्याच्या वीतभर जवळ जातात. डॉक्टरांनी 'काही काळजी करू नका' म्हटलं की त्यांची काळजी सुरू होते. कोणी 'बसा ना मामा, घाई काय आहे' असा आग्रह केला, तर हा मला का अडकवून ठेवतोय या विचाराने ते ताबडतोब उठतात. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा त्यांनी माझं बोलणं पाच मिनिटं लक्ष देऊन ऐकलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "ही पोरगी खरंच मराठी कां रे? रेडिओसारखी बोलते." तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आलेली ही घराणी. त्यांच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखे वाटायचे आणि उरलेले निम्मे तमिळ असायचे. 'अस्के' म्हणजे 'सगळे' हे कळायलाच मला महिना लागला. पण गावात त्यांची संख्या जास्त असल्यामुळे नकली मराठी माझीच ठरली.

मामांचा धंदा टीव्ही दुरुस्तीचा. लाकडी पेटीतल्या टीव्हीपासून आजच्या भिंतीला चिकटलेल्या पातळ पडद्यापर्यंत सगळ्या पिढ्यांच्या आतड्यांत त्यांनी हात घातला आहे, आणि त्यामुळेच टीव्हीबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. "ज्याचं पोट मी उघडून पाह्यलों, त्याच्या तोंडावर मी कसा विश्वास ठेवू?" असं ते म्हणतात. ते चार वर्षांचे असताना त्यांना पोलिओचा ताप आला आणि जाताना उजव्या पायातली ताकद घेऊन गेला. तेव्हापासून मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी, आणि पुढे कमवायला लागल्यावर मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मी पोरगी बघायला जायचों, तिकडचे लोक माझा पाय बघायचे. पाय बघून होईपर्यंत उप्पुमा थंड व्हायचा. मी मणालों, कशाला सगळ्यांनाच त्रास." दारात स्कूटर लावायची, कॅलिपरची कडी टक्कन बसवायची, जिना असेल तर कठड्याला धरून एकेक पायरी चढायची, असं करत त्यांनी चाळीस वर्षं गावातल्या घराघरांत जाऊन टीव्ही जिवंत केले. चोळपुरम् पर्यंत त्यांची गिऱ्हाइकं होती. दुरुस्त झालेला टीव्ही चालू करून तपासायचा म्हणजे त्या वेळी जे लागलं असेल ते बघावं लागणार, आणि दुपारी लागलेल्या असायच्या सिरियली. अशा रीतीने एका घरात पहिला तुकडा, दुसऱ्या घरात दुसरा, असं करत मामा सिरियलींचे जाणकार झाले.

रोज संध्याकाळी साडेसातला ते आमच्याकडे यायचे. त्यांची थोरली बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. ते त्यांना अक्का म्हणत आणि सासूबाई पासष्टीच्या भावाला तंबी म्हणत, म्हणजे धाकट्या. दोघं दोन खुर्च्यांवर शेजारी बसायची. सासूबाई पदर डोळ्यांना लावायच्या आणि मामा भुवया वर करायचे. मी तमिळ शिकले ती या दोघांच्या मागे बसून. त्यामुळे माझ्या तमिळची सुरुवात शाप, शपथा आणि धमक्यांपासून झाली. भाजीवालीशी मी पहिल्यांदा तमिळमध्ये बोलले तेव्हा पडवळाचा भाव ऐकून 'तू माझ्या कुळाचा नाश केलास' एवढंच मला नीट म्हणता आलं. तिने मात्र मला एक पडवळ जास्त दिलं.

पण मामांचा खास संशय राखून ठेवलेला होता तो सिरियलमधल्या अपंग माणसांसाठी. चाकाची खुर्ची, काठी किंवा काळा चष्मा पडद्यावर आला की ते पुढे सरकून बसत. त्यांचा सिद्धांत असा, की सिरियलमध्ये असा माणूस एक तर पाप केलेला असतो, नाहीतर देवमाणूस असतो, नाहीतर ढोंगी असतो. "मनुष्य तेवढा कधीच नाही," ते म्हणत. एका मालिकेत आंधळी नायिका होती. फोन वाजला की ती फोनकडे डोळे वळवायची. मामा ओरडायचे, "कान वळव ना गं! डोळ्यांचं काय काम तिथं?" ती स्वतःच्या घरात हात पुढे करून चाचपडत फिरायची, तेही त्यांना पटेना. मग त्यांनी एक दिवस आपल्या घरी डोळ्यांना पंचा बांधून स्वैपाक केला आणि संध्याकाळी येऊन जाहीर केलं, की स्वतःच्या घरात कोणी चाचपडत नाही, सगळं हाताला पाठ असतं. फक्त रसमला साखर लागली. आमच्या भजनातले पेटीवाले जन्मापासून आंधळे आहेत. मामा म्हणत, "तो मनुष्य माझी काठी ऐकली की लांबूनच शिव्या देतो, उशीर झाला मणून. ही पोरगी तीनशे भागांत कोणाला एक शिवी दिली कां?" दुसऱ्या एका मालिकेतली मुकी मुलगी गळ्यात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, पडल्याबरोबर नवऱ्याचं नाव घेऊन बोलू लागली तेव्हा तर ते दोन दिवस घुश्शात होते. "वीस वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि नवऱ्याचं नाव! भूक लागली मणायचं नाही?"

मग दोन वर्षांपूर्वी ती भातगिरणीवाल्यांची मालिका सुरू झाली. गडगंज घर, संगमरवरी जिना, आणि नायिकेचा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, चाकाच्या खुर्चीत. अपघातात पाय लुळे पडलेले, सोशिक, सगळ्यांना क्षमा करणारा. सासूबाईंचा जीव त्याच्यावर जडला. मामांनी पहिल्याच दिवशी त्याच्या चपलांकडे बोट दाखवलं. "तळ बघ. घासलेले आहेत. दहा वर्षं खुर्चीत बसलेल्याच्या चपला घासतात? हा उठणार बघ, पोरी. सणाच्या आठवड्यात उठणार." शिवाय त्या घरात झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि जेवणाचं टेबल खाली, मग याला रोज वर-खाली कोण नेतं, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी त्यांनी वाहिनीला पोस्टकार्ड घातलं: 'आपल्या अण्णाला संडासाला कोण नेतं? कृपया कळवावे.' उत्तर आलं नाही. मामांनी पोस्टमनवर संशय घेतला आणि पुढचा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. दिवसभर शाळेत गणित शिकवून आल्यावर निवांत रडावं म्हटलं तर हा माणूस रडू द्यायचा नाही.

त्या मालिकेत नायिकेने भावासाठी नवस बोललेला होता. तो उभा राहीपर्यंत ती अनवाणी राहणार होती. आणि मामांनी सांगितलं होतं तसंच झालं. सणाच्या आठवड्यात, देवळात, गुंडाने बहिणीवर कोयता उगारला, घंटा वाजल्या, आणि अण्णा खुर्चीतून उठून धावला. मामांनी विजयी मुद्रेने मांडीवर थाप मारली. "पाह्यलंस? दहा वर्षं बसलेला, उठून थेट धावला! एक पाय सुद्धा झोपला नव्हता त्याचा!" पण सासूबाई हात जोडून हमसून रडत होत्या आणि पुटपुटत होत्या, "हिचं तरी फळलं. विठ्ठला, हिचं तरी फळलं."

मामांची थाप मध्येच थांबली. त्यांनी पडद्यावरची नजर काढून बहिणीकडे वळवली. "मग कोणाचं नाही फळलं, अक्का?"

सासूबाई म्हणाल्या, "काही नाही," आणि आत गेल्या. 'काही नाही' हे मामांच्या दृष्टीने गुन्ह्याच्या कबुलीसारखं होतं. मुका टीव्ही आला की ते कुठे काय जळलंय हे जसं एकेक जोड तपासत शोधायचे, तसं त्यांनी त्या दिवसापासून बहिणीला तपासायला घेतलं. उपास कुठले करते, काय खाते, काय सोडलंय, हे माझ्याकडून काढून घेतलं. आणि चौथ्या दिवशी त्यांचा हात नेमक्या जागी पडला.

"पोरी, तुझी सासू कॉफी कां पीत नाही?"

कुंभकोणमची बाई कॉफी पीत नाही ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच खटकली होती. पण त्यांना पित्त आहे असं घरात सगळे सांगायचे, म्हणून मीही तेच सांगितलं.

"आज दुपारी जेवणाला काय केलीस?"

"वत्तकुळंबू," मी म्हणाले. चिंचेच्या कोळात मिरच्या घालून आटवलेलं ते जहाल प्रकरण सासूबाई दोनदा मागून घेतात.

"पित्ताची बाई वत्तकुळंबू ओरपते आणि कॉफी नको मणते," मामा सावकाश म्हणाले. मग मोठ्याने हाक मारली, "अक्का! बाहेर ये."

सासूबाई आल्या. आधी पित्तच सांगितलं, मग सवय नाही म्हणाल्या, आणि शेवटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून बोलू लागल्या. "तू चार वर्षांचा होतास, रे. अप्पा तुला खांद्यावर घालून वैद्याकडून आणले. पाय असा लोंबत होता. मी देवघरात गेलें, विठ्ठलाला सांगितलें, माझा तंबी चालेपर्यंत मी कॉफी पिणार नाही. त्याच वर्षी मला मोठ्यांसारखी कॉफी मिळायला लागली होती. अकरा वर्षांची मी. माझ्याकडं सोडायला दुसरं काय होतं?"

 साठ वर्षं दुधावर, पोस्टमनवर, डॉक्टरवर संशय घेतलेल्या या माणसाला घरातलीच एवढी मोठी गोष्ट दिसली नव्हती. मला वाटलं त्यांना गहिवरून आलं असेल. पण त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"आणि मग मी काय करतों, अक्का? आत्तापर्यंत मी काय केलों? या गावात कोणाच्या घरचा जिना मी चढलों नाही? ते अस्कं तू मोजलीसच नाही. तू वाट बघत बसलीस, मी कधी चालीन मणून!"

"तसं नव्हे रे." सासूबाई घाबरल्या होत्या. "देवाला दिलेला शब्द माझ्या हातात कुठं आहे? डॉक्टर माझ्या छातीचं काय सांगितले तुला ठाऊक आहे. मी अशीच गेलें, नवस राहिला, तर तो तुझ्या माथी बसेल. पुढच्या जन्मी पण तुझा पाय..." 

मामा काठी टेकत निघून गेले आणि आठ दिवस आले नाहीत. टीव्हीसमोरची त्यांची खुर्ची रिकामी राहिली. मालिकेत कोणीही काहीही करू लागलं आणि आमच्या घरात त्यावर आक्षेप घेणारं कोणी उरलं नाही. सासूबाई पडद्याकडे बघत बसायच्या पण रडायच्या नाहीत, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटायचं. माझा नवरा सरळ स्वभावाचा आहे. तो मामांच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "मामा, अम्माचं आता वय झालं. तिच्यासमोर काठी बाजूला ठेवून भिंत धरून चार पावलं टाका. ती मानेल. सुटेल बिचारी." मामांनी हातातली गरम सोल्डरिंगची सळई त्याच्यावर रोखली. "मी अण्णासारखा उठू? घंटा तू वाजवतोस?" नवरा हात हलवत परत आला.

नवव्या दिवशी सकाळी सातला दारात भाड्याची गाडी उभी राहिली. मामा पुढच्या सीटवरून उतरलेही नाहीत. "अक्का, लुगडं बदल. गोविंदपुरम् ला जायचं. पोरी, तू पण ये. साक्षीला." गोविंदपुरम् ला विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ आहे आणि आमच्या सगळ्या घरांचं तिथे जाणं-येणं. वाटेत तिरुभुवनम् ला रेशमी साड्यांची दुकानं लागली तेव्हा मामांनी जरीबद्दल काहीतरी वाईट बोलायला हवं होतं. ते गप्प बसले, तेव्हा मला धडकी भरली.

देवळाच्या फाटकाशी एक स्वयंसेवक धावत चाकाची खुर्ची घेऊन आला. मामांनी तिच्याकडे बघितलं, ब्रेक दाबून पाहिला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून ढिला स्क्रू आवळला आणि म्हणाले, "आता ठीक आहे. कोणाला पाहिजे असेल त्याला दे." मग कॅलिपरची कडी बसवून ते चालू लागले. सासूबाईंनी मान वळवून फुलवाल्यांकडे बघायला सुरुवात केली. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं मी बघत होते, दारात काठीचा आवाज आला की सासूबाई पाणी आणायच्या निमित्ताने आत जायच्या आणि मामा खुर्चीत टेकल्याशिवाय बाहेर यायच्या नाहीत. मी त्याला पाहुणचार समजत होते. सिरियलमधल्या लंगड्या माणसाकडे तासन् तास डोळे भरून बघणाऱ्या या बाईने स्वतःच्या भावाला चालताना कधी बघितलंच नव्हतं.

मामांना ते ठाऊक होतं. ते थांबले, मागे वळले. "अक्का, इकडं बघ. तोंड फिरवू नको. शेवटपर्यंत बघ."

फाटकापासून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर मला दोन मिनिटांचं. मामांना पाव तास लागला. प्रत्येक पावलाला उजवा खांदा वर जायचा, अंग डावीकडे कलायचं, लोखंडातला पाय अर्धा गोल फिरून पुढे पडायचा आणि मग काठी. तीनदा ते थांबले. मागून येणाऱ्यांना 'तुम्ही पुढं जा' म्हणाले. सदऱ्याची पाठ घामाने चिकटली. कुठेही घंटा वाजली नाही. कोपऱ्यात भजनवाले टाळांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले होते. सासूबाई त्यांच्या शेजारून चालत होत्या, पदर तोंडात धरून, पण डोळे त्या पायावरून हलले नाहीत.

विठ्ठलासमोर पोचल्यावर मामांनी नमस्कार केला नाही. त्यांनी श्वास आवरला आणि घरच्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, देवालाच खडसावलं. "विठ्ठला, मी फाटकापासून इथपर्यंत आलों. लहानपणापासून असाच येतों-जातों. हे चालणं नव्हे असं तुझं मणणं असेल तर आत्ता सांग. मागाहून माझ्या बहिणीला त्रास देऊ नको. मी दोन मिनिटं थांबतों." आणि त्यांनी खरोखरच मनगटावरच्या घड्याळात बघितलं. पुजारी आरतीचं तबक हातात धरून उभा राहिला. मागे रांग खोळंबली. एका बाईने 'काय झालं?' असं तमिळमध्ये विचारलं, आणि गणिताची बाई असल्यामुळे मी तिला 'हिशेब चालू आहे' एवढंच सांगितलं.

दोन मिनिटं झाली. "पोरी, काही मणाला?"

"नाही, मामा."

"अक्का?"

सासूबाईंनी पदर तोंडातून काढला. देवाकडे नाही, भावाकडेच बघत त्या म्हणाल्या, "मी पाह्यलें. तू चाललास, रे. केवढा चाललास तू." आणि त्यांनी वाकून त्यांच्या कॅलिपरवरची धूळ हाताने पुसली. मी तोंड फिरवून रडले, आणि माझ्या रडण्याला त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही.

देवळाबाहेरच्या टपरीवर मामांनी तीन कॉफ्या मागवल्या. बासष्ट वर्षांनी पहिला घोट घेऊन सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. "इतकी कडू असते? मला गोड आठवत होती."

"चिकोरी आहे," मामांनी टपरीवाल्याकडे रोखून बघत निकाल दिला. "निम्मी चिकोरी."

सासूबाईंनी तो टंब्लर संपवला. त्यानंतर त्या जवळजवळ वर्षभर कॉफी प्यायल्या, सकाळी एक आणि मामा आल्यावर एक. काठीचा आवाज आला की त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि भाऊ पायऱ्या चढून खुर्चीपर्यंत पोचेतो बघत राहायच्या. हे बघणं मामांना अवघड जायचं; "काय चोर बघितल्यासारखं बघतेस," असं ते करवादायचे, पण पाऊल मात्र जरा जास्त ठासून टाकायचे. एके पहाटे सासूबाई झोपेतच गेल्या. त्यांच्या माथी काही राहिलं नव्हतं, या एका गोष्टीवर मामांनी कधी संशय घेतला नाही.

मामा अजूनही साडेसातला येतात. दारात आता मी उभी राहते, पण ती गोष्ट माझ्याने तशी होत नाही हे आम्हा दोघांनाही कळतं. गेल्या आठवड्यात एका नव्या मालिकेत चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा, नात विहिरीत पडताना बघून, ताडकन उठला. इतक्या वर्षांच्या संगतीने मला आता हे मुळीच खपत नाही. मी तावातावाने म्हणाले, "मामा, बघा हो, उठला मेला! काय निर्लज्जपणा आहे हा!" आणि त्यांच्या शिव्यांची वाट बघत राहिले. मामा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "उठू दे त्याला. त्याची पण कोणी अक्का असेल."